काचेवरचं कूस

तर ऐका. त्र्याहत्तर सालची खंडेनवमी. आदल्या साली दुष्काळात सोलापुरात प्यायला पाणी नव्हतं, तिथं हत्यारं कोण धुतंय? सगळ्यांनी नुसता ओला हात फिरवून पूजा उरकलेली. पण यंदा नळाला धार होती, आणि बाळीवेसच्या मागच्या बोळात संगप्पा फोटोवाल्याच्या घरात नवी सून आलेली, रुद्राणी. अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी, कामाला लई चपळ. तिच्या माहेरी खंडेनवमीला नांगराच्या फाळापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं घासून लख्ख करायचे आणि मग विभूती लावायचे. तिनं ठरवलं, सासरची पहिलीच खंडेनवमी आहे, असं घासायचं की सासूनं बघतच राहिलं पाहिजे.

सासू काशम्मा सिद्धेश्वराला गेलेली. नवरा विरुपाक्ष पुढं स्टुडिओत कॅमेरा पुसत बसलेला. रुद्राणीनं मागच्या खोलीतल्या सागवानी पेट्या उघडल्या, तर आत खाचांतून उभ्या काचाच काचा, आणि सगळ्या काळ्याकुट्ट. काजळी धरल्यासारख्या. तिला वाटलं, सासरे संगप्पा जाऊन वर्ष झालं, तेव्हापासून ह्यांना कुणी हातच लावला नसंल.

आता तिला कुणी सांगितलंच नव्हतं की. विरुपाक्ष रोलवर फोटो काढायचा, निगेटिव्ह म्हणजे तिला ती गुंडाळी होणारी पट्टी माहीत. पूर्वी फोटो काचेवर काढायचे हे तिला कुठून कळणार?

तिनं बंबातलं कढत पाणी घंगाळात ओतलं, मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि बसली घासायला. काळं असं भराभर सुटायला लागलं की तिला मजाच वाटायला लागली. एकेक काच पुसून अंगणाच्या भिंतीला टेकवून ठेवली. उन्हात नुसत्या चमकायला लागल्या. शेवटी पेटीच्या तळाशी चोळीच्या खणात गुंडाळलेली एक राहिली होती. तोवर पाणी निवलेलं. तिनं खण सोडून ती तशीच निवल्या पाण्यात बुडवली आणि नवा काथ्या आणायला आत गेली.

ती बाहेर आली तर अंगणात विरुपाक्ष उभा. चहा सांगायला आलेला. भिंतीकडं बघत होता. त्या सगळ्या काचांतून भिंतीचा चुना दिसत होता, दुसरं काहीच नाही.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो धुण्याच्या दगडावर खाली बसला आणि हळू आवाजात सांगायला लागला. ती माणसं होती म्हणाला. अप्पांनी जन्मभर काढलेली. लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवतात, हार घालतात, कपाळाला विभूती लावतात, आणि मातीत ठेवायच्या आधी फोटो काढतात. कितीक घरांत आजा कसा होता ते त्या एका फोटोवरनं कळतं. कागद कसर खाऊन गेला की लोक अप्पांकडं यायचे, अप्पा काचेवरनं नवा काढून द्यायचे.

रुद्राणीच्या हातातला काथ्या खाली पडला. घासताना बोटांखाली जे बुळबुळीत लागत होतं ते आता परत लागायला लागलं.

"खणातली कुटं हाय?" विरुपाक्षनं विचारलं.

तिनं घंगाळाकडं बोट केलं.

ती काच म्हणजे गुरुलिंग. विरुपाक्षचा थोरला भाऊ, दोन वर्षांचा असताना तापानं गेलेला. ह्या घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. काशम्मानं त्याला जरीची टोपी घालून खुर्चीत बसवलेलं आणि बापानं स्वतः त्याचा फोटो काढलेला. तो कागदावरचा फोटो गेल्या साली तिनं संगप्पाबरोबर समाधीत ठेवला. पोरगं बापाजवळ असू दे म्हणाली, मला काच हाय की. आणि दर खंडेनवमीला पूजेआधी ती खण सोडायची, काच खिडकीशी उजेडात धरायची, पोराच्या तोंडावर अंगठा टेकवायची. वर्षातनं तेवढंच.

"अव्वा आता येईल," विरुपाक्ष म्हणाला.

दोघं घंगाळावर वाकले. तळाला नुसती काच. आणि वर पाण्यात दुधावरच्या सायीसारखं एक पातळ कातडं तरंगत होतं. त्यात पोरगं. काळं तोंड, मिटल्या डोळ्यांच्या पांढऱ्या रेघा, पांढरे केस, कारण काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतंय ना. रुद्राणीनं झटकन हात घातला, तर कड वळली आणि खुर्चीचा पाय तुटून बाजूला गेला.

"हात लावू नगंस," तो म्हणाला. काचेवरचा फोटो सरसाच्या थरात असतो, अप्पांनी ह्या काचेला तो थर कडक व्हायला तुरटीचं पाणी जास्त दिलेलं म्हणून हे विरघळलं नव्हतं, पण आता क्षणाचा भरवसा नव्हता. तो पळत जाऊन दाढीच्या पेटीतली तुरटी घेऊन आला, माठातल्या पाण्यात खळबळली आणि कडेकडेनं सोडली. पोरगं हललं, फिरलं, आणि पसरायला लागलं. पाणी पिऊन फुगत होतं. आपल्या काचेपेक्षा मोठं झालं.

आता ह्याला मोठी काच पाहिजे. आणि मोठी काच कुठं होती? भिंतीशी. रुद्राणीनं त्यातली सगळ्यांत मोठी उचलली. त्यावर आधी कोण होतं ते आता देवालाच माहीत. ती पाण्याखाली सरकवून तिनं धरून ठेवली, आणि विरुपाक्ष वाटीनं पाणी काढत बसला. वाटी वाटी. पाणी उतरलं तसं पोरगं उतरलं. मधेच तोंडावर घडी पडली. विरुपाक्षनं बोटाच्या टोकावरनं एक थेंब सोडला, घडी हलली नाही. दुसरा सोडला. तिसऱ्याला घडी सुटली आणि गाल सरळ झाला. पोरगं काचेवर बसलं.

मागं चपला वाजल्या. काशम्मा.

तिनं भिंत बघितली. सुनेचे हात बघितले. कुणी काही सांगायच्या आत सगळं कळलं तिला. रुद्राणीला वाटलं, आता हिनं मला मारावं, माहेरी हाकलावं, काहीतरी करावं. काशम्मानं नुसते हात पुढं केले. विरुपाक्षनं थबथबती काच दिली. ती खिडकीशी गेली, उजेडात धरली. लई वेळ बघितलं. मग अंगठा टेकवला. दरवर्षी त्याखाली अख्खं तोंड झाकून जायचं. आज अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी गाल बाहेर येत होते.

"माझं कूस," ती म्हणाली, कानडीत तान्ह्या लेकराला म्हणतात तसं. "अंगठ्यात मावंना की."

रुद्राणी भिंतीला धरून रडायला लागली. "अत्ती, मला ठावं न्हवतं."

काशम्मानं काच देवळीत ठेवली आणि विभूतीची वाटी घेऊन बाहेर आली. भिंतीपासल्या त्या रिकाम्या काचांसमोर उभी राहिली. मग वाटी सुनेच्या हातात दिली.

"माझं तर हाय," म्हणाली. "ह्यांच्या घरच्यांनी बघायचं कुणाला? लाव. सगळ्यांना लाव."

आणि रुद्राणीनं लावली. तीन बोटं राखेत बुडवायची आणि काचेवर कपाळ कुठं असंल त्या अंदाजानं ओढायची. एकेक करत. रेघा वर-खाली होत होत्या. कारण कोण बुटकं होतं, कोण उंच, कोण म्हातारं, कोण लेकरू, कसं कळणार?

निम्म्या झाल्या असतील, तेवढ्यात पुढं स्टुडिओच्या दारात कुणीतरी हाक मारली. शेजारच्या गल्लीतली चंद्रव्वा होती. घरातला फोटो कसरीनं खाल्लाय म्हणत होती, गेलेल्या आईचा काचेवरनं नवा काढून पाहिजे.

विरुपाक्ष जागचा हलला नाही. रुद्राणीची तीन बोटं काचेवर तशीच राहिली.