आबांचं लाल कुलूप

शनिवारी चार वाजता ललित ती गाडी घेऊन आला तेव्हा मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. आधी आवाज आला. टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत तसा आवाज कुणाच्याच गाडीला नाही. हातातली चादर मी छातीशी धरली आणि वळणावर माझ्या धाकट्या भावाचं हेल्मेट दिसेपर्यंत सोडली नाही.

गाडी इटालियन होती. काळी, टाकीवर एक बारीक लाल रेघ. नरोलीला ललितच्याच कंपनीत असलेल्या विकीची. विकीचं लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या बायकोला मागे बसवेना, म्हणून तो ती विकायला निघाला होता. ‘दोन दिवस ठेव, घरी दाखव, सोमवारी सांग,’ असं म्हणून त्यानं किल्ली दिली होती.

“ताई, तू हो म्हटलंस तरच घेणार,” ललित म्हणाला.

आमच्या वडिलांना, आबांना, जाऊन अकरा महिने झाले होते. पहिली पाळी संपवून घरी येताना अथालच्या वळणावर खडीवरून त्यांची जुनी गाडी घसरली. अठ्ठावीस वर्षं त्याच रस्त्यानं येणारा-जाणारा माणूस. तेव्हापासून ललित कामावरून परत येईपर्यंत मी पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही.

खरं तर इटालियन गाडीचं वेड मूळ आबांचं. रविवारी दोघं फोनवर चित्रं बघत बसायचे. आबांच्या तीन अटी होत्या. बघायला आवडली पाहिजे, बसायला सोसली पाहिजे आणि चालवताना आपोआप हसू आलं पाहिजे.

आई खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, “देखणी आहे हो. पण हिच्यावर बसायचं, का टोळासारखं ओणवं व्हायचं?”

“स्पोर्ट गाडी आहे, आई. अशीच वाकून चालवतात.”

“तुझ्या बापाची कंबर एका दिवसात गेली असती.”

“आबा म्हणाले असते, जाऊ दे गेली तर.”

आई हसली. तिचा कल कुठे चालला आहे हे मला कळलं.

मग मी मागे बसून पाहिलं. पोळपाटाएवढी सीट, ललितच्या सीटपेक्षा वीतभर उंच. धरायला काही नाही. गाडी स्टँडवर उभी होती, तरी माझे तळवे ओले झाले.

“बसायला सोसत नाही,” मी म्हणाले.

“तुला सोफाही सोसत नाही. उद्या सकाळी सातला दुधनीला जाऊन येतो. खानवेलच्या पुढे काय वळणं आहेत! तिसरी अट तिथेच कळेल.”

वळणं. किती सहज म्हणाला.

आबांच्या कंपनीतून आलेली पिशवी आईच्या कपाटात होती. बूट, चष्म्याचं घर, आणि किल्ली नि टॅगसकट एक लाल कुलूप. आबा मेंटेनन्सला होते. मशीन दुरुस्तीला उघडलं की फिटरनं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि वर आपला टॅग टांगायचा. टॅगवर नाव, फोटो आणि ‘मशीन सुरू करू नका’. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढायचं. मॅनेजर आला तरी दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ललित नोकरीला लागला त्या दिवशी आबांनी जेवताना त्याला बजावलं होतं, “आणि टॅगशिवाय कुलूप कधी लावू नको. समोरच्याला कळलं पाहिजे, आत कुणीतरी आहे.”

रविवारी उजाडताना मी ते कुलूप घेऊन खाली गेले. काय करते आहे हे मला नीट माहीत होतं. ललित हे कुलूप तोडणार नाही. या घरात कुणीच तोडणार नाही. गाडी भिंतीला लागून उभी होती. अंग चोरून मी भिंतीच्या बाजूला शिरले आणि पुढच्या चाकाच्या ब्रेक-डिस्कमधल्या भोकातून कडी घालून कुलूप दाबलं.

टॅग हँडलला टांगायचा होता. त्यावरच्या फोटोत आबांच्या मिशा काळ्या होत्या. रस्त्यावर, दवात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तो टांगायला माझा हात होईना. सातला अजून वेळ होता. ललित उठला की तोंडानं सांगेन, असं ठरवून टॅग मुठीत धरून मी वर आले, मोरीत तोंड धुतलं आणि चहाचं आधण ठेवलं.

साखर घालताना खालून तो आवाज आला. मी मोरीत असतानाच ललित खाली उतरला होता.

मी जिन्यावर होते तेव्हा आवाज एकदम तुटला, आणि जड काहीतरी पडल्याचा धप्प आवाज आला. त्यानंतर काहीच नाही. उरलेल्या अकरा पायऱ्या मी कशा उतरले ते मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर खडी होती.

गाडी आडवी पडली होती आणि ललितचा डावा पाय तिच्याखाली होता. हेल्मेटची काच वर. तो जिवंत आहे हे दिसत होतं, तरी मी तीनदा त्याचं नाव घेतलं.

“ओरडू नको, आई उठेल. आधी उचल.”

दोघांनी मिळून गाडी उचलली. घोटा सुजायला लागला होता. आरसा फुटला होता, क्लचचं लिव्हर वाकलं होतं. मग त्याची नजर पुढच्या चाकाकडे गेली. लाल कुलूप त्यानं ओळखलं.

“टॅग कुठंय?” त्यानं विचारलं.

मी मूठ उघडली. टॅग घामानं भिजला होता.

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. फुटपाथवर बसून त्यानं बूट काढला. “दुधनीच्या वळणांवर काही झालं नसतं, ताई. इथे झालं. दारात.”

“हो.”

“विकीला आता ही कशी परत करू? आपलीच झाली ती.”

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले. त्याच संध्याकाळी मी टॅग प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधला, आणि या वेळी कुलूप सगळ्यांना दिसेल असं लावलं. ललित रोज लंगडत खाली जाऊन गाडी पुसायचा; आरसा आणि लिव्हरही त्यानं तिथेच बदललं, कुलपाला हात न लावता. कधी काढणार, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. नको, विकून टाक, असं मी म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं असतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच मला म्हणता येईना.

बाविसाव्या दिवशी तो जिन्यावरून न लंगडता उतरला. मी कुलूप काढलं. आबांचा आणखी एक नियम होता. दुरुस्तीनंतर मशीन पहिल्यांदा सुरू होताना कुलूप काढणाऱ्यानं जवळ थांबायचं. मी हेल्मेट घातलं आणि त्या पोळपाटावर चढले.

“कुठे?” ललितनं विचारलं.

“अथाल.”

त्यानं गाडी सुरू केली. वळण जवळ आलं तशी माझी बोटं त्याच्या पोटात रुतली. चालवताना त्याला हसू येत होतं का, ते मला मागून दिसत नव्हतं. कडेला खडी अजून होती.

“ताई, जरा सैल धर. श्वास घेता येईना.”

“नाही,” मी म्हणाले.

त्यानं वेग कमी केला.