चार कप्पे की आठ

पेटीची रुंदी पट्टीने मोजता मोजता मामांना ताईचं पत्र आठवलं आणि आकडा पुन्हा डोक्यातून गेला. महिना झाला, पत्राला उत्तर गेलं नव्हतं. ताईला ऐकू कमी येई, म्हणून ती फोन न करता पत्रच लिहीत असे. 'तुझ्याकडे माझ्यासाठी जागा होईल का? फार लागणार नाही. होत नसेल तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही.'

मामांनी उभा जन्म ग्रंथालयात काढला होता. जागा आहे असं मोघम लिहिणं त्यांना जमेना. घरातल्या सगळ्यांचे फोटो आणि जुनी ध्वनिमुद्रणं ठेवायला ते एक मशीन जोडत होते. ताईला ते त्यांनीच उत्साहाने कळवलं होतं. आता गाडी अडली होती बॅकप्लेनवर, म्हणजे डिस्क आत सरकवल्या की मागे ज्या फळीत जाऊन बसतात, तिच्यावर. नको ती परत करायच्या बोलीवर दुकानदाराने दोन दिल्या होत्या. चार कप्प्यांची अगदी गरीब स्वभावाची. आठ कप्प्यांची तापायची, तिला मोठे पंखे लागायचे, आणि त्यांच्या आवाजापायी मशीन मागच्या मोकळ्या खोलीत ठेवून दार लावावं लागणार होतं. तरी मामांचा कल आठकडेच होता. ताईचे अल्बम काय थोडे होते!

दुपारी भाची आली, ताईची धाकटी. मामांनी कौतुकाने पंखे लावून दाखवले.

"मामा, हे उडणार कधी?"

"थट्टा पुरे. तुझ्या आईने जागा मागितलीय, म्हणून आठ घेतोय."

भाचीने पंखे बंद केले आणि पत्र मागितलं. वाचता वाचता तिचे खांदे हलू लागले. ती हसतेय की रडतेय, मामांना कळेना.

"अरे मामा, आईला तुझ्याकडे राहायला यायचंय. आमचे जिने चढवत नाहीत तिला. मला ताकीद होती, त्याला भीड घालायची नाही म्हणून. पोस्टमन दिसला की दारात जाते ती."

मामा उठून मागच्या खोलीत गेले. खाटेवर रिकामे खोके आणि वायरींची भेंडोळी पडली होती. त्यांनी ती उचलली, खिडकी उघडली. मग आठ कप्प्यांची फळी जपून पिशवीत घातली आणि चार कप्प्यांची पेटीत बसवली. मशीन लिहायच्या टेबलाखाली गेलं. सुरू झालंय का, हे पाहायला दोघांना वाकून कान लावावा लागला.

"आईचे अल्बम मावतील यात?"

"दाटीवाटीने बसतील की," मामा म्हणाले आणि स्वतःच हसले.

पत्राचे दोन लांबलचक मसुदे त्यांनी फाडले. तिसऱ्यात एवढंच उरलं: 'ताई, जागा आहे. खिडकीची खोली. लवकर ये.'

फळी परत करायला दोघं निघाली. कोपऱ्यावरच्या टपालपेटीत मामांनी पत्र टाकलं आणि कुठे अडकलं नाही ना, म्हणून फटीत बोटं घालून चाचपलं.

"पडलं, मामा," भाची म्हणाली.