तूच सरक

आमच्या शाळेत आदर एका सोमवारी सुरू झाला. त्याआधी मुलं एकमेकांना 'ए माकडा' म्हणायची, मी मुलांना 'कार्ट्यांनो' म्हणायचे आणि सगळं बरं चाललं होतं. पण हेडसर शिबिराला जाऊन आले. हेडसर शिबिराला गेले की मी उरलेल्या रजा मोजायला लागते. मागच्या खेपेला शिबिर पाणी पिण्याच्या महत्त्वावर होतं. मग दर तासाला घंटा वाजवून मुलांना पाणी पाजायचं, आणि पुढचा अख्खा तास मुलं मुतारीसमोर रांगेत उभी.

या खेपेचं शिबिर मुलांचं मानसिक स्वास्थ्य आणि सद्वर्तन यावर होतं. प्रार्थना संपल्यावर हेडसरांनी माइकवर दोनदा फुंकर मारली.

"आजपासून या शाळेत अरे-तुरे बंद. विद्यार्थी विद्यार्थ्यांना अहो-जाहो करतील. शिक्षकही विद्यार्थ्यांना अहो-जाहो करतील. टोपणनावं तर पूर्ण बंद. ओठांवर आदर आला की मनात येतोच!"

शेजारी उभ्या असलेल्या समुपदेशक बाईंनी टाळ्या वाजवल्या. या बाई कुठल्याही संकटावर 'आधी श्वास घ्या' असं सांगतात, म्हणून शिक्षकखोलीत त्यांचं नाव श्वासबाई. म्हणजे, होतं. तेही आता बंद.

मुलं आज्ञाधारक असतात असं मोठ्यांना वाटतं. ती नुसती हुशार असतात. पहिल्याच तासाला माझ्या तिसरीच्या वर्गात भांडण जुंपलं.

"अहो, आपण माझं खोडरबर ढापलंत."

"आपण साफ खोटं बोलताय."

"आपण आधी आपला शेंबूड पुसा."

मग एकानं दुसऱ्याच्या पाठीत 'माफ करा हं' म्हणत धपाटा घातला. हेडसर नेमके दारावरून चालले होते. ते थांबले, डोळे मिटून ऐकत राहिले आणि "वा!" म्हणून पुढे गेले. मी कपाळावर हात मारून घेतला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं हो. दोन आठवड्यांत हेडसरांना नवीन काहीतरी सुचतंच. पण माझ्या वर्गात गप्पी होती.

गप्पी शाळेचं अर्धं वर्ष सरल्यावर आली. आधीच्या गावी तिची आई गेली, आणि तिचे वडील तिला घेऊन इकडे आले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. मुलगी घरी वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलायची, शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. लिहायची, वाचायची, गणितं तर चुकायचीच नाहीत. बोलायची मात्र नाही. तीन महिने हेडसरांनी वाट बघितली, मग वडिलांना बोलावून घेतलं. सुट्टी लागायच्या आत मुलगी वर्गात बोलली नाही, तर तिला विशेष मुलांच्या शाळेत घालावं लागेल म्हणाले. ती शाळा लांब. मुलांनी तिथेच राहायचं, घरी फक्त सुट्टीत. वडील "बरं" म्हणाले, आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"बाई, आम्ही घरात दोघंच आहोत," एवढंच म्हणाले.

मी उगाचच टेबलावरचे खडू डबीत भरत बसले.

तिला गप्पी हे नाव भोंगानं दिलं. भोंगा म्हणजे तिच्याच बाकावरची पोरगी. एवढीशी, पण 'हजर' म्हणाली की शेजारच्या वर्गातली मुलं दचकतात. गप्पी मासा आणि गप्प बसणारी, असा भोंगाच्या डोक्यातला दुहेरी हिशोब. कुणी आपल्याला नाव ठेवलं म्हणून इतकं खूष झालेलं पोर मी दुसरं बघितलेलं नाही. भोंगानं "ए गप्पी!" म्हणून हाक मारली की ही लगेच वळून बघायची. भोंगा तिच्याशी दिवसभर एकटीच बोलायची, तिच्या वतीनं उत्तरंही स्वतःच द्यायची, आणि दर पाच मिनिटांनी कोपर मारून म्हणायची, "ए गप्पी, सरक ना. किती जागा अडवतेस!"

आणि त्या सोमवारच्या आदल्याच शनिवारी, मी फळ्यावर बेरजा लिहीत असताना, मागून एक अगदी बारीक, गंजल्यासारखा आवाज आला.

"तूच सरक."

माझ्या हातातला खडू खाली पडला. मी वळले नाही. वळले असते तर पोर परत मिटलं असतं, एवढी अक्कल मला आहे. भोंगाही शहाणी. ती "बरं बाई" म्हणाली आणि सरकली.

शाळा सुटल्यावर मी धावत हेडसरांच्या खोलीत गेले. माझ्या आकाराची बाई धावते तेव्हा लोक वाट देतात.

"सर, बोलली! 'तूच सरक' म्हणाली!"

हेडसर नुकतेच शिबिराहून आले होते, गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यांनी भुवया उंचावल्या.

"'तूच'?" ते म्हणाले. "हेच, बाई. नेमकं हेच आपल्याला बदलायचंय."

मग सोमवार उजाडला. भोंगा बाकावर आली, दप्तर ठेवलं आणि नव्या नियमाप्रमाणे म्हणाली, "अहो, आपण जरा सरकता का?"

गप्पी तिच्याकडे बघत राहिली. मग सरकली. इतकी सरकली की अर्धी बाकाबाहेर. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर तिच्या तोंडून हूं की चूं नाही. भोंगा रडवेली होऊन माझ्याकडे आली.

"बाई, त्यांना वाटतं मी त्यांच्याशी कट्टी केलीय."

"कोण त्या?"

"अहो त्याच. गप... त्याच."

मी श्वासबाईंकडे गेले. त्यांनी आधी मला श्वास घ्यायला लावला, मग गप्पीसाठी उपाय काढला. वर्गाच्या दाराशी त्यांनी चेहऱ्यांचा फळा लावला. मुलांनी सकाळी येताना आपल्याला जसं वाटतंय तसा चेहरा आपल्या नावापुढे चिकटवायचा. रडका लावला की खेळाच्या तासाला श्वासबाईंपाशी बसून मन मोकळं करायचं. खेळाचा तास कोण सोडतंय? सगळा वर्ग रोज हसरा. आजी दवाखान्यात असलेला हसरा, दात दुखणारा हसरा, गप्पीही हसरी.

"बघा, किती प्रगती आहे," श्वासबाई म्हणाल्या.

शेवटी मी तिच्या वडिलांनाच विचारलं. ते तिला न्यायला आले होते, हाताला वंगण लागलेलं. मी नव्या नियमाबद्दल सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हिची आई रागावली ना, की हिला अहो-जाहो करायची. 'आलात का बाईसाहेब? बसा, जेवून उपकार करा आमच्यावर.' आम्ही हसायचो. ही मात्र जेवायचीच नाही. 'मला तू म्हण, मला तू म्हण' करून रडायची. आईनं 'ये गं' म्हटलं की मग गप्प."

मला माझीच लाज वाटली. अहो, माझी आईसुद्धा हेच करायची! 'उठलात का महाराणी?' असं कानावर आलं की कळायचं, आज काही खरं नाही. आपल्या घराघरांतल्या पोरांना हे पाळण्यापासून ठाऊक असतं, आणि आम्ही सगळे पदव्या घेतलेले शहाणे सबंध शाळेला एकदम रागावून बसलो होतो.

मी हेडसरांना गाठलं. एका मुलीपुरती सूट द्या म्हटलं.

"शुक्रवारी समिती येतेय, बाई," ते म्हणाले. "आदरयुक्त शाळेची ढाल आपल्याला मिळणार असं ऐकतोय. आता सूट कसली मागताय?"

"आणि सुट्टी तोंडावर आलीय त्याचं काय? तिला पाठवणार?"

"तिच्या भल्यासाठीच ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बोलून उपयोग नव्हता, त्यांची नजर भिंतीवर ढालीसाठी ठोकलेल्या खिळ्याकडे होती.

शुक्रवारी समिती आली. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, जाड चष्म्याच्या, आणि मागे दोन गृहस्थ मान डोलवायला. वर्गानं उभं राहून "आपलं स्वागत असो" म्हटलं. एका मुलानं दुसऱ्याला "आपली पेन्सिल खाली पडली आहे" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की हेडसर लाजले. पेन्सिल त्यांनीच पाडायला सांगितली होती.

अध्यक्षबाई फिरत फिरत गप्पीपाशी थांबल्या.

"आपलं नाव काय, बाळ?"

गप्पी बाकाकडे बघत राहिली.

"आपण सांगणार नाही का आम्हाला?"

हेडसर लगबगीनं पुढे झाले. "त्या बोलत नाहीत, मॅडम. सुट्टीनंतर त्यांची दुसरीकडे व्यवस्था करतो आहोत."

एवढ्या आदरानं कुणाला शाळेतून काढलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. गप्पीनं मान आणखी खाली घातली, आणि माझं डोकंच फिरलं. मी तरातरा तिच्या बाकापाशी गेले.

"ए गप्पी," मी म्हटलं. "सरक. मला बसू दे."

हेडसर "बाई... बाई..." करत होते. मी लक्षच दिलं नाही. आठ वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या त्या बाकात मी स्वतःला कोंबलं. बाक कुरकुरला. भोंगा पलीकडच्या टोकावरून घसरून खाली बसली.

"सरक ना गं. किती जागा अडवतेस!"

गप्पीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे, मग माझ्या उरलेल्या पसाऱ्याकडे. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"तूच सरक," ती म्हणाली. "तू जाडी आहेस."

कुणीतरी "ई!" म्हटलं. भोंगा जमिनीवर बसून खिदळायला लागली. आणि मी, जिच्यासमोर आजवर वजनाचा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही ती मी, बाकात अडकून डोळे पुसत होते.

हेडसरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मागून कुणीतरी बोललं, मॅडम. शेजारच्या वर्गातलं असेल."

"सर," मी बसल्या जागेवरून म्हटलं, कारण उठता येत नव्हतं, "ही बोलली असेल तर ती याच शाळेत राहील. बोलली नसेल तर तुमची ढाल राहील. काय ते एकदा ठरवा."

हेडसरांनी एकदा समितीकडे बघितलं. मग मान वर करून म्हणाले, "नाही बोलली. तिला बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे."

शेजारी हालचाल झाली. गप्पी उभी राहिली होती.

"अहो सर," ती म्हणाली, अगदी नियमाप्रमाणे. "मीच बोलले."

एवढा थंडगार 'अहो' मी माझ्या आईच्या तोंडूनसुद्धा ऐकला नव्हता. हेडसर दोन पावलं मागे सरकले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"बाईंना जाडी म्हणालीस ना गं तू?" त्यांनी विचारलं. नियम त्याही विसरल्या होत्या.

"आहे ती," गप्पी म्हणाली.

ढाल दुसऱ्या शाळेला गेली. खिळा अजून भिंतीवर आहे, हेडसर त्यावर छत्री अडकवतात. समितीदेखत बोललेल्या मुलीला बोलत नाही म्हणून लांब पाठवणार कसं? गप्पी राहिली. नियम कुणी मागे घेतला नाही, पण कुणी पाळतही नाही. फक्त हेडसर मला हल्ली 'आपण' म्हणतात. त्याचा अर्थ मला बरोबर समजतो.

गप्पी आता सगळ्यांशी बोलते. भोंगाइतकी नाही, पण बोलते. मला मात्र एकेरीच हाक मारते, आणि इतर मुलं टकामका बघत बसतात. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेऊन पायरीवर बसवलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई असतील, उगीच बोलणी खाईल, म्हणून.

"हे बघ," मी म्हटलं, "बाईंना तुम्ही म्हणायचं असतं."

तिचा चेहरा एकदम उतरला.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "ये. सरक जरा, मला बसू दे."