तीन झेंड्यांचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे तर दोराचा तुकडा. बोलण्याची मला सवय नाही. माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याचीही खात्री नाही. पण काचेच्या पेटीत पडून पडून मनात इतकी किळस साठली आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे तंतू दक्षिण आफ्रिकेतल्या घायपाताचे. कारखान्यात तीन जाड पेड पिळून मला वळले आणि केपकडच्या एका लहानशा आरमारी बंदरात पाठवले. जहाजे धक्क्याला बांधून ठेवायची, हे माझे काम. वाऱ्यात जहाज ओढ घेई, मी करकरत ताणला जाई आणि सोडत नसे. याहून जास्त मला काही येत नव्हते.

अधूनमधून आमच्या बंदरात तीन देशांची जहाजे एकत्र सरावाला येत. आमची, ब्राझीलची आणि भारताची. तीन देश तीन किनाऱ्यांवरचे, पण समुद्र एकच. धक्क्यावरच्या दोरांची जबाबदारी झोलिस्वा म्त्शेम्ला या बाईंकडे होती. एकदा माझे टोक झिजले. भारताचा ससिधरन आणि ब्राझीलचा जुसेलिनो, दोघे जहाजांवरून उतरून माझ्या टोकाला नवा फासा विणायला बसले.

"चार वेढे पुरेत," जुसेलिनो म्हणाला.

"तुमच्याकडचा समुद्र दयाळू असेल. आमच्याकडे पाच लागतात."

"तुमच्याकडे जेवणातही सगळं जास्तच लागतं. तुझ्या लोणच्यानं माझी जीभ अजून सुन्न आहे."

"भांडा दोघं," झोलिस्वा तळलेल्या माशाचा कागद उलगडत म्हणाली, "दोर माझा आहे. सहा घाला. आणि ससी, बुती, माझ्या भावा, डोक्याकडचा तुकडा मला ठेव. मागच्या वेळी काटेच उरले होते."

त्यांनी सहा वेढे विणले. त्या बोटांना माशाचा आणि लोणच्याचा वास होता. तसा स्पर्श मला पुन्हा कधी मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी बंदराच्या मुख्य साहेबांनी भाषणात माझ्याकडे बोट दाखवले. "तीन देशांची मैत्री पाहायची असेल, तर हा फासा पाहा." टाळ्या झाल्या. माझे नशीब तिथेच फिरले.

मित्रांनो, आरमारात एक खोड असते. जे हलत नाही, त्याला रंग द्यायचा. नांगर रंगवतात, खुंटे रंगवतात, वाटेकडेचे दगडसुद्धा रंगवतात. मात्र दोराला रंग लावू नये, हे तिथे सगळ्यांना माहीत असते. साहेब स्वतः खलाशी म्हणून भरती झाले होते. त्यांनाही माहीत होते. तरी पुढच्या सरावाआधी रंगाचे डबे आले.

"साहेब, दोराला रंग?" झोलिस्वा हसत म्हणाली. "आतलं पाणी सुकणार कुठून?"

"फोटोपुरता गं. नंतर याला कामाला लावायचंच नाही."

तिनेही मग कुंचला हातात घेतला.

त्या रंगाची शिसारी मी शब्दांत कशी सांगू? थंड, चिकट, उग्र वासाचा तो लगदा माझ्या पेडांत शिरला. तंतू तंतूला चिकटला. मग दर वेळी पाहुणे येत, मला हातात धरून दात दाखवत आणि लगेच रुमालाने बोटे पुसत. रंग उडाला की त्यावर दुसरा थर. बाहेरून मी नवरदेवासारखा झळकत होतो. आत खारे पाणी कोंडून मी काळा पडत होतो, सडत होतो. मला माझाच वास सहन होत नव्हता.

आणि एका सरावाच्या समारंभात आग्नेयेचा वारा उठला. ब्राझीलच्या जहाजाचा पुढचा दोर तुटला आणि जहाजाचे नाक खडकांकडे वळू लागले. मी जवळच, व्यासपीठापाशी सजवून ठेवलेला होतो.

"तो घ्या," साहेब म्हणाले.

"याच्या आत काय झालंय, कुणी पाहिलेलं नाही," झोलिस्वा म्हणाली.

"भांडारातून दुसरा येईपर्यंत तरी धरेल. जहाजावर माणसं आहेत."

तेही खोटे नव्हते. जहाजावर जुसेलिनो होता. त्याने माझे टोक ओढून घेतले, झोलिस्वाने दुसरे खुंट्याला गुंडाळले. मी जीव खाऊन धरले. दुसरा दोर येऊन बांधला जात होता, तेवढ्यात माझ्या पोटातून कुजल्या लाकडासारखा आवाज आला. ससिधरन माझ्या रेषेतच उभा होता. झोलिस्वाने त्याला ढकलले. मी तुटलो, उलट फिरलो आणि तिच्या गुडघ्यावर आदळलो.

जहाज वाचले. तिचा पाय पुन्हा सरळ झाला नाही.

चौकशीत ठरले की दोर जुना होता. मग माझे तीन तुकडे केले, ताजा रंग दिला आणि मैत्रीची आठवण म्हणून तीन देशांना एकेक वाटला. मी इथेच राहिलो. त्यानंतर मला किळस या शब्दाहून मोठा शब्द हवा होता. तो सापडला नाही.

गेल्या सरावाला झोलिस्वाला पाहुणी म्हणून बोलावले. ती काठी टेकत आली. पेटी उघडून मला तिच्या हातात दिले. तिने तुटलेले टोक छायाचित्रकाराकडे केले. आतला काळा भुसा तिच्या पांढऱ्या बाहीवर सांडला.

"बाई, जरा उलटं धरा. ही बाजू घाण दिसते."

"दिसू दे. हीच बाजू काढ," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मित्रांनो, मैत्रीचे दोर जरूर वळा, दूरदूरच्या किनाऱ्यांपर्यंत वळा. पण त्यांना रंगवू नका. अधूनमधून पेड उलगडून आत बघा. ओले असेल तर उन्हात ठेवा, झिजले असेल तिथे शेजारी बसून विणा. एवढे केलेत, तर कुणाचा गुडघा मोडणार नाही.