ओल्या फडक्याचा पारा

पाण्यात नारिंगी फुगे सात होते. त्यांतला पाचवा अर्धा रिकामा होऊन एका अंगाला कलला होता. डोंगे तीन, पण वल्ही धड एकाच डोंग्यात होती. काठावर उघड्या पायऱ्या अकरा. पाण्याखाली गेलेल्या किती, ते दिसत नव्हते. तलावाच्या बांधावर, पाळीवर, म्हशी चार आणि शर्यतीचा फलक एक. फलकावर लिहिले होते : पोहणे एक पूर्णांक नऊ, सायकल नव्वद, धावणे एकवीस किलोमीटर. अल्काने हे सगळे पायरीवर बसल्या बसल्या मोजले. उभे राहून मोजण्याइतका वेळ उजवा खुबा तिला देत नसे.

नवेगावचा तलाव यंदा काठोकाठ होता. तिचा थोरला भाऊ संघदीप सातही फुग्यांना वळसा घालून आला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून धापा टाकू लागला.

"पाचवा सरकून राहिला," तो म्हणाला. "तिकडं शेवाळ आहे. पायाले गुंडाळते."

"चार मिनिटं जास्त धरू," अल्का म्हणाली. "आनखी?"

"आनखी काही नाही."

शर्यत पुढच्या रविवारी होती. नंबर घ्यायला उद्याचा शेवटचा दिवस, म्हणून आज मार्ग कितपत अवघड आहे ते तपासून हो की नाही ठरवायचे होते. अल्काने रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले होते, एम.एस्सी.चे दुसरे वर्ष दवाखान्याच्या खाटेवर राहून गेले. तिने एका फळीवर दोन थर्मामीटर बांधले होते. एक कोरा. दुसऱ्याच्या टोकाला आईच्या जुन्या लुगड्याचे फडके, त्याचे शेपूट पाण्याच्या बाटलीत.

शर्यतीच्या दिवशी ज्याचा डोंगा पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवणार होता, तो उदाराम ढिवर जाळे सोडवता सोडवता ती फळी न्याहाळत होता.

"एकाले ताप आला का वो बाई? पट्टी ठेवली म्हनून इचारलो."

अल्काला हसू आले. तिने त्याला समजावले : हवा दमट असली की ओले फडके सुकत नाही, पारा उतरत नाही. माणसाचेही तसेच, घाम सुकला तर अंग थंड होते, नाही सुकला तर माणूस आतल्या आत शिजतो.

"मंग भावाले कायले शिजवून राहिली?"

"शिजू नये म्हनूनच मोजून राहिली, काका."

उदारामने मान हलवली, पण ती पटल्यासारखी नव्हती.

प्रश्न रक्ताचा होता. आईबाप दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा एकेक वाटा. संघदीपकडे त्यांतला एकच आला. त्याला दवाखान्यातून पिवळे कार्ड मिळाले. अल्काकडे दोन्ही आले. तिचे कार्ड लाल. तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकत, नसांत अडकत, आणि मग चार-चार दिवस हाडे आतून कुणी कोरत असल्यासारखी दुखत. खुब्याचा गोळा त्यातच झिजला. संघदीपला कधी काही झाले नव्हते. तो राइस मिलमध्ये कामाला होता आणि पन्नास किलोचे पोते एका झटक्यात खांद्यावर घेई. पण पिवळ्या कार्डवाल्यांनी फार उन्हात, फार दमेपर्यंत धावू नये, पाणी पीत राहावे, असे डॉक्टर म्हणाले होते. किती ऊन म्हणजे फार, ते त्यांनी सांगितले नव्हते. तो आकडा अल्काने दोन महिने वाचून स्वतः ठरवला : ओल्या फडक्याचा पारा सव्वीस. शर्यतीत धावायच्या वेळी, धावायच्या जागी सव्वीसच्या आत असला तर जायचे. वर गेला तर नाव काढून घ्यायचे. आई याच बोलीवर कबूल झाली होती.

शर्यतीची कल्पनाही अल्काचीच. आठ महिन्यांपूर्वी खाटेवर पडल्या पडल्या तिने फोनवर जाहिरात पाहिली आणि संघदीपला दाखवली. तेव्हापासून कधी पोहायचे, किती वेगाने, काय खायचे, सगळे ती सांगे आणि तो करी. मिलमधले लोक विचारत, तेव्हा तीच उत्तर देई, "पाय त्याचे, डोकं माझं."

चहा घेऊन दोघे मोटारसायकलवर सायकलीचा रस्ता पाहायला निघाले. चिचगडच्या बाजूला पंचेचाळीस किलोमीटर जायचे, तिथून परत फिरायचे. अल्का मागे बसून फोनवरची उंची वाचत होती. चढ सहा, त्यांतले पाच नावापुरते. जंगलातला एक मात्र लांबलचक, संपला वाटल्यावर वळून पुन्हा चढणारा. खड्डे फोनला कळत नव्हते, ते खुब्याला कळत. प्रत्येक खराब जागी ती नुसते "इथं" म्हणे आणि संघदीप मान हलवी. कळ दातांखाली दाबायची तिला सवय होती. काही ठिकाणी लवकर पिकणारे हलके धान कापून शेताच्या बांधीत आडवे पडले होते.

आज संघदीप नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. जाताना वारा समोरून आहे म्हणाला. वळणावर ट्रक आला तर काय, म्हणाला. पुलाजवळ म्हशी रस्त्यातच बसतात म्हणाला. अल्काकडे सगळ्याची उत्तरे होती. वाऱ्यात वाकून चालवायचे. वळणावर स्वयंसेवक उभे असतात. म्हशी उठतात. परतताना टपरीवर तिने त्याला हिशेब ऐकवला : मुदत साडेआठ तासांची, आपल्याला पावणेआठ पुरतात. मार्ग अवघड आहे, पण आपल्या आवाक्यात आहे. संघदीपने चहावर फुंकर घातली आणि कप तसाच खाली ठेवला.

"दूध फाटलं का?" तिने विचारले.

"नाही. गरम आहे."

दुपारी एकच्या सुमाराला, शर्यतीतही धावणे ज्या वेळी येणार होते त्याच वेळी, तो पाळीवर धावायला उतरला. धावण्याच्या वाटेला कुठे सावली नव्हती. वळायच्या जागी अल्का मुरुमावर पाय लांब करून बसली. पाऱ्यावर थेट ऊन पडू नये म्हणून छत्री तिने थर्मामीटरवर धरली आणि स्वतः उन्हात राहिली. संघदीप येई, वळे, जाई. तो दिसेनासा झाला की ती फडके ओले आहे ना ते बघे, आणि दिसू लागला की त्याच्या पावलांकडे. पावले चांगली पडत होती. टाच उचलून, गुडघा पुढे, अगदी तिने सांगितल्यासारखी. त्याला तसे धावताना पाहिले की तिच्या स्वतःच्या मांड्यांत काहीतरी हलके होई. हे तिने कोणाला सांगितले नव्हते.

रविवारच्या पुढे तिच्या वर्षात काही नव्हते. दिवाळीनंतर गोंदियाला रक्त चढवायला जायचे, एवढेच.

शेवटची फेरी संघदीपने धावून पूर्ण केली नाही. तो चालत आला आणि छत्रीच्या पलीकडच्या बाजूला, जिथून थर्मामीटर दिसत नव्हते, तिथे बसला. पाण्याची बाटली त्याने संपवली. मग तलावाकडे पाहत म्हणाला, "वर गेला ना?"

आठ महिन्यांत त्याने शंभरदा तरी पारा विचारला असेल. घराच्या अंगणात, मिलच्या दारात, इथे पाळीवर. दर वेळी तो विचारी, "खाली आहे ना?"

"काय म्हटलं?" अल्का म्हणाली.

"काही नाही. असंच."

"दादा, तुले जायचं नाही का?"

म्हशी पाण्यात उतरत होत्या, त्यांच्याकडे तो पाहत राहिला.

"भरतीले गेलो होतो ना मी, चार वर्साआधी," तो म्हणाला. "तिथं धावता धावता एक पोरगा पडला होता."

"मग उठला का?"

"नाही. त्याच्याजवळ बी पिवळंच कार्ड होतं. माझ्या मागंच होता तो, मले त्याचा श्वास आयकू येत होता. मंग आयकू येनं बंद झालं. मले वाटलं, मी पुढं निघालो."

"मले कधी सांगतलं नाही तू."

"कसं सांगू? तू अशी खुश होऊन राहिली होती." त्याने मुरुमातला एक खडा उचलला आणि परत जिथला तिथे ठेवला. "पान्यात उतरलो का तो श्वास मांगं येते, अल्के. तू जा म्हटलं तं जाईन मी. पारा खाली असंन तं जाईन. बोललो आहे मी."

तो जाईल, हे तिला माहीत होते. तिने जा म्हटले तर तो नव्वद किलोमीटर वारा छातीवर घेऊन जाईल आणि या पाळीवर मागे कान लावून एकवीस किलोमीटर धावेल. बहुतेक काही होणारही नाही. आकडे तेच सांगत होते. आणि ती या जागी बसून त्याची पावले पाहील.

ती फळीवर वाकली. फडके ओले होते. डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून तिने एकदा वाचले, थोडे थांबली आणि पुन्हा वाचले.

"किती?" संघदीपने विचारले.

"सत्तावीस," अल्का म्हणाली. "एक वर."

त्याने डोळे मिटले. आठ महिने कोणीतरी धरून ठेवल्यासारखे वर राहिलेले त्याचे खांदे खाली आले. काही वेळाने तो म्हणाला की, आईले आपनच सांगू, उद्या फोन करून नाव काढून टाकू. ती हो म्हणाली. आता भूक लागली म्हणाला, आणि गाडी जवळ आणायला पाळीवरून निघाला. चढावर तो लहान मुलासारखा दोन पावले पळालाही.

अल्काने दुसऱ्यांदा वाचलेला पारा पंचवीस पूर्णांक सहा होता.