नऊ घरांचा एक नंबर

“अग्लायाताई, ही पेटी कधी बंद करायची नाही. वीज गेली तर गेली, पण तुमच्या हातानं नाही. नऊ घरं हिच्यावर जगतायत.”

कोस्ताके यांनी हे सांगितलं त्याला पाच वर्षं झाली. ते आमच्या इमारतीची व्यवस्था बघतात. रेल्वेतून निवृत्त झालेत, तरी बोलताना शेवटचा शब्द अजून शिट्टीसारखा ओढतात. इंटरनेटची जोडणी त्यांनी माझ्या नावावर घेतली. मी दिवसभर घरी असते आणि माझा चेहरा बघून कंपनीच्या माणसाला संशय येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी बाल्कनीतून बाल्कनीत वायरी सोडल्या. आमच्या जिन्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी इटलीत नाहीतर स्पेनमध्ये कामाला गेलेलं. रविवारी त्यांचे चेहरे त्या वायरींतून घरी यायचे.

माझं तिकडे कुणी नाही. पण वायर माझ्या प्रार्थनेच्या कोपऱ्यातून आत आली, म्हणून पेटी मेरीमातेच्या तसबिरीखाली बसली. सकाळी स्तोत्रं वाचताना वर लाल दिवा, खाली हिरवा. पेटीवरची धूळ मी रोज पुसायची. पुसता पुसता तोही एक नेम होऊन गेला.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या चौथ्या आठवड्यात, सोमवारी, पोलीस ठाण्यातून इन्स्पेक्टर लुपाश्कू आले. बूट दाराशी काढले, माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत बसले आणि कागद उलगडला.

“मावशी, गेल्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वर्तमानपत्राच्या साइटवर कुणीतरी लिहिलंय, की वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना पलंगाला बांधून ठेवतात. खाली नाव टाकलंय, ‘एक माणूस’. शेवटचं वाक्य असं, की डायरेक्टरबाईंनाही एकदा असंच बांधायला हवं. बाई म्हणतात, ही धमकी आहे.”

“मग त्या माणसाला शोधा.”

“शोधलाय. प्रत्येक जोडणीला नंबर असतो, आयपी ॲड्रेस म्हणतात त्याला. लिहिलं तेव्हा तो साइटवर उमटला. आम्ही कंपनीला विचारलं, त्या मिनिटाला हा नंबर कुणाकडे होता? कंपनीनं लेखी दिलं, अग्लाया मुन्तेआनू.”

“त्या मिनिटाला मी चर्चमध्ये गुडघ्यांवर होते. बुधवारची प्रार्थना साडेपाचला सुरू होते.”

“कुणी पाहिलं?”

“फादरनी. आणि माझ्या पुढच्या बाईच्या उजव्या बुटाला भोक आहे. ते मी पाहिलं.”

ते हसले नाहीत, पण लिहिता लिहिता थांबले. “मग घरी कोण होतं?”

“कुणी नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. नवरा गेल्यापासून माझा एक नेम आहे, तोंडातून खोटं काढायचं नाही. अर्धवट खरं हे खोट्याच्या किती जवळ असतं, ते मला त्या खुर्चीसमोर उभं असताना जाणवलं. मी बाल्कनीचं दार उघडून दिलं. त्यांनी वायरी मोजल्या. एक वर, दोन खाली, बाकीच्या भिंतीवरून पलीकडे.

“नंबर घरापर्यंत आणून सोडतो, असं आम्हाला शिकवलंय,” ते म्हणाले. “हा तर जिन्यात येऊन उभा राहिला. या वायरींवर आहेत त्या सगळ्यांची नावं लिहून द्या.”

मी लिहायला बसले. दर शनिवारी मी फादरना प्रार्थनेसाठी नावांची यादी देते. वर क्रॉस, खाली बाप्तिस्म्याची नावं. हात आपोआप तसाच चालला. तेवीस नावं झाली, पहिलं माझं.

“हे काय? पाच मारिया? आडनावं कुठायत?”

“या यादीत आडनाव लिहीत नाहीत. सवय झालीय.”

“मग कोण कुठली, ते ओळखायचं कसं?”

“देवाला ओळखू येतं.”

“मावशी, मी लुपाश्कू आहे.”

कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. “गुरुवारी दहा वाजता ठाण्यात या. जबाब घेताना मी विचारेन, कुणी लिहिलं ते तुम्हाला माहीत आहे का. तिथे खोटं बोललात तर गुन्हा होतो, आधीच सांगून ठेवतो. आणि नाव मिळालं नाही, तर एका जोडणीवर नऊ घरं चालतात हे मला कंपनीला कळवावं लागेल. मग काय होईल, तुम्हीच बघा.”

हा प्रश्न त्यांनी त्याच दिवशी का विचारला नाही, देव जाणे. कुणी लिहिलं, ते मला माहीत होतं.

तिसऱ्या मजल्यावरची ओतिलिया त्या वृद्धाश्रमात सेविका आहे. लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली होती. “मावशी, ते मी लिहिलं. शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, पण हात थांबला नाही.” तोआदेर नावाचा म्हातारा सुतार तिकडे आहे. एकदा तो फाटकाबाहेर गेला, तेव्हापासून जेवण झालं की त्याचे हात चादरीच्या पट्ट्यांनी पलंगाला बांधतात. ओतिलिया चारला कामावर गेली की आधी त्याच्या गाठी सोडते, मग कोट काढते. बुधवार तिच्या सुट्टीचा. आज कुणी सोडणार नाही, हे तिला घरी बसून ठाऊक होतं. “माझं नाव कळलं तर मला काढतील,” ती म्हणाली. “मग त्याचे हात कोण सोडणार?”

मी शब्द दिला, तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही. शब्द देताना मला कुठल्या नंबराची कल्पनाही नव्हती.

ओतिलिया नावाची संत आमच्या चर्चच्या पंचांगात नाही. म्हणून बाप्तिस्म्यात तिचं नाव मारिया ठेवलेलं. पाचातली एक मारिया ती. यादी लिहिताना माझा हात अडला नाही, लिहिलं तेही खरंच होतं. पण देवापुढे ठेवतात तशा यादीत मी एक माणूस लपवलं, हे त्या संध्याकाळी स्तोत्रं वाचताना टोचायला लागलं. एकच ओळ मी चारदा वाचली.

मंगळवारी कोस्ताके यांनी सगळ्यांना जिन्यात बोलावलं. मी माझ्या दारात उभी राहिले.

“गुरुवारी काय सांगणार, ताई?”

“जे विचारतील त्याचं उत्तर.”

“‘मला माहीत नाही.’ तीन शब्द आहेत. चाळीस वर्षं मी रेल्वेत हेच तीन शब्द बोललो आणि पेन्शन घेतली.”

“तिला माहीत नसतं तर तिनं केव्हाच सांगितलं असतं,” दुसऱ्या मजल्यावरची व्हेतूरिया म्हणाली. तिचा नातू तोरिनोत जन्मला, त्याला तिनं अजून मांडीवर घेतलेलं नाही, फक्त त्या वायरीतून पाहिलंय. “ही खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. अग्लायाताई, माझ्याकडे बघून सांग. माझ्या घरातून नाही ना गेलं ते?”

“नाही,” मी म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला. मला बरं वाटलं.

“आमच्याकडून?” तळमजल्यावरच्या शिंप्यानं विचारलं.

“नाही.”

“माझं तर विचारायलाच नको,” कोस्ताके म्हणाले, आणि तरी माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

“नाही.”

चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्यालाही मी नाही म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझी नजर वर गेली. ओतिलिया वरच्या वळणावर भाजीची पिशवी धरून उभी होती. ती काही विचारत नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करतेय. चार घरं गेली, माझं पाचवं. आणखी तीन वेळा खरं बोलले असते, तर मागे फक्त ती उरली असती. तिचं नाव न घेता मी तिला सगळ्यांच्या हाती दिलं असतं.

“आणि आमचं?” माझ्या शेजारच्या दारातला मिहाईल म्हणाला. तो बस चालवतो, तापट आहे, पण त्यानं आयुष्यात पत्र लिहिलं नसेल.

मी गप्प राहिले.

“मावशी?”

त्याच्या बायकोनं हळूच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“अहो, चौघांना ‘नाही’ मिळालं, मला का नाही?”

“आता कुणालाच मिळणार नाही,” मी म्हणाले. “आधीही द्यायला नको होतं.”

“म्हणजे हाच,” शिंपी पुटपुटला. मिहाईलनं दार इतक्या जोरात लावलं की माझ्या तसबिरीची काच थरथरली.

बुधवारी त्याच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. तो जिन्यात आला की लोकांचं बोलणं थांबायचं. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होते. ‘तो नाही’ म्हटलं तर ओतिलिया उघडी पडते. तसं न म्हणावं तर तो बिचारा न केलेल्याचं भोगतो. बुधवारचा माझा कडक उपवास, पाव आणि फुलांचा चहा. तोही तसाच ठेवून दिला. त्या दिवशी मी चर्चलाही गेले नाही. जिना उतरायला चार दारं लागतात, आणि प्रत्येक दारात एक प्रश्न उभा होता.

संध्याकाळी ओतिलिया आली. सुट्टी होती तिची.

“मिहाईलला बायकोनं बसवून ठेवलंय, कबूल कर म्हणून,” ती म्हणाली. “मघाशी तो जवळजवळ कबूल करत होता, जेवायला मिळावं म्हणून.”

आम्ही दोघी थोडं हसलो. मग हसू थांबलं.

“उद्या काय बोलाल?”

“माहीत आहे, म्हणेन. आणि सांगणार नाही, म्हणेन.”

“मग ते तुम्हाला रोज बोलावतील.”

“रोजचं करायची मला सवय आहे.”

“आणि वायर गेली, की व्हेतूरिया तुमच्या दारात बसून रडेल.”

“हो. ते मला सोसवेल की नाही, माहीत नाही.”

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. “यादीचं सांगितलंत ना मला, पाच मारिया. त्यातल्या दोघी शाळेत जातात. एक व्हेतूरियाची सासू, तिला दिसत नाही. चौथी मिहाईलची बायको, ती कॉम्प्युटरला हात लावत नाही. पोलिसाला एवढं मोजता येत नसेल? मावशी, दिलेल्या शब्दातून तुम्ही सुटलात. उद्या आठला मी जाते, तुमच्या आधी.”

“आणि काम?”

“दुपारपर्यंत बाईंना कळेल. मग त्या फाटकातून मला आत घेणार नाहीत.” तिनं कप बाजूला सारला. “भेटीची वेळ चार ते सहा असते. ज्याला कुणी भेटायला येतं, त्याला साडेतीनलाच सोडतात आणि मनगटांवर बाह्या ओढून ठेवतात. तोआदेरला भेटायला कुणीच येत नाही. नातेवाईकच हवा असं नाही. दारावरच्या वहीत नाव लिहायचं, आडनावासकट, आणि उद्या परत येणार म्हणून सांगायचं.”

“रोज?”

“रोज आलात तरच बांधायचं विसरतील.”

“येईन म्हणून सांग त्याला,” मी म्हणाले, आणि मग लक्षात आलं, की सांगायला ती आता तिथे असणार नव्हती. “मीच सांगेन.”

गुरुवारी साडेसातला तिला मी खिडकीतून जाताना पाहिलं. चर्चला घालते तो कोट घातला होता. दहाला मी ठाण्यात पोचले, तेव्हा लुपाश्कूंनी उभ्या उभ्याच सांगितलं, तुमच्या जबाबाची आता गरज नाही. वायरींचं विचारलं, तर म्हणाले, “बघू.” ते कधी बघणार, ते बोलले नाहीत. परत येऊन मी मिहाईलचं दार वाजवलं आणि त्याच्या बायकोसमोर म्हणाले, “तुझं घर नाही.” तो म्हणाला, “आता बोलताय होय.” आणि आत बोलावलं नाही.

तीन वाजता मी मऊ पाव कापून त्याला आलुबुखाराचा मुरंबा लावला, फडक्यात गुंडाळला, डोक्याला रुमाल बांधला आणि दाराला कुलूप घातलं. व्हेतूरिया जिन्यात उभी होती.

“आज एवढ्या लवकर चर्चला?”

“नाही. एकाला भेटायला.”

“कुणी आजारी आहे का?”

“भेटून आले की सांगते,” मी म्हणाले, आणि कठडा धरून खाली उतरू लागले.