रोजचाच मंगळवार

आमच्या खोलीत रोज मंगळवार असतो. ही कुणा जुन्या सहकाऱ्याने काढलेली थट्टा. मंगळावरचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, आणि तिथे उतरलेलं आमचं यंत्र जागं होईल तेव्हा आम्हीही जागं व्हायचं. त्यामुळे पाळी रोज थोडी पुढे सरकते आणि बघता बघता सकाळची रात्रीची होऊन बसते. अशात सोमवार-बुधवार कोण लक्षात ठेवणार? तिथला एक दिवस म्हणजे एक मंगळवार. काल झाला तो गेला मंगळवार, उद्याचा तो पुढचा. पहिल्या महिन्यात सगळे हसले. आता कुणी हसत नाही, पण बोलतो तसंच.

माझ्याकडे तिथली हवा आणि माती. धूळ किती चढली, वारा कुठून आला, वावटळींनी जमिनीवर ओढलेले काळे पट्टे नवे की जुने. आधीचा फोटो आणि आजचा फोटो एकावर एक ठेवायचे आणि फरक शोधायचा. ऊन जरा तिरकं पडलं तरी दगड सरकल्यासारखा वाटतो, म्हणून डोळे चोळून पुन्हा बघायचं आणि बहुतेक वेळा लिहायचं, बदल नाही. माझ्या घरच्या टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ आहे. तिची चौकशी करायला मला वेळ नाही.

त्या आठवड्यात मंगळाच्या दक्षिणेकडे मोठं वादळ उठत होतं आणि आम्ही सगळे पेंगत, चिडत काम करत होतो. त्यातच दादाचा फोन आला. बाबा पुन्हा बाथरूममध्ये घसरून पडले होते. फार लागलं नव्हतं, पण आता त्यांना एकटं ठेवणं नको, असं दादाचं म्हणणं. पुढच्या मंगळवारी तो त्यांना कायमचं आपल्या शहरात नेणार होता. बाबा तयार होते. जमलं तर निरोपाला ये, म्हणाला.

पुढचा मंगळवार, म्हणजे उद्या. एवढ्या घाईने कळवतो म्हणून मी दादावर मनातल्या मनात भडकले. साहेबांकडे रजा मागितली. वादळ तोंडावर आलंय, आता एकच दिवस देतो, नंतर मागू नकोस, असं त्यांनी बजावलं. सकाळची बस धरली आणि खिडकीवर डोकं आपटत झोपले.

बाबांनी दार उघडलं तेव्हा अर्ध्या गालावर दाढीचा साबण होता. दादा कुठंय, मी विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"तो मंगळवारी येणारे. आज गुरुवार आहे, बाळ."

मी उंबऱ्यातच बसले. आमच्या मंगळवाराची भानगड सांगितल्यावर ते खोकला येईपर्यंत हसले. मला मात्र रडू येत होतं. होती ती रजा वाया गेली होती आणि खऱ्या मंगळवारी मला कुणी सोडणार नव्हतं. बाबांच्याच पलंगावर आडवी झाले ती दुपारी उठले.

ते उशाशी खुर्ची टाकून बसले होते. मी झोपले होते तेवढ्यात त्यांनी आपली बॅग भरून दाराशी ठेवली होती.

"मला तिकडे जायचं नाहीये," ते म्हणाले. "दादासमोर बोललो नसतो. सगळी चांगली आहेत गं. पाणीसुद्धा उठून घेऊ देत नाहीत. मी तिथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याने मरेपर्यंत राहायचं नसतं. तुझ्याकडे येऊ का?"

मला हे ऐकायचं नव्हतं. ठरल्या दिवशी आले असते तर दादाच्या गडबडीत नमस्कार करून सुटले असते, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. माझ्याकडे एकच खोली आहे, मी सांगितलं. कधी रात्री कामावर असते, कधी दिवसा झोपते.

"मी जन्मभर बॉयलरवर पाळ्या केल्या," ते म्हणाले. "मला अजून रात्रीची झोप लागत नाही."

"आणि मी नसताना पडलात तर?"

"पडलो तर पडलो. आल्यावर उचल."

मी दादाला फोन लावला. तो चिडला. तुला स्वतःचं जेवायचं भान नसतं, त्यांना काय सांभाळणार, म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी बघते, म्हणून मी फोन ठेवला.

बाबा दाराशी उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"झेपेल तुला?"

"माहीत नाही, बाबा."

"चालेल," ते म्हणाले, आणि वाकून चपला शोधायला लागले.